बारा हजारांचा मुलूख

गोव्यात जमिनीचा भाव विचारला की चौरस मीटरचा सांगतात. दोडामार्गची हद्द ओलांडली की तीच भाषा गुंठ्याची होते. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, सुमारे १०१ चौरस मीटर. आपल्याकडे मीटर पोर्तुगीज अमलातच रुळला. पोर्तुगालने मेट्रिक पद्धत १८५२ साली स्वीकारली होती, भारताने तसा कायदा केला तो १९५६ साली.

पण आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी मीटरही नसे आणि गुंठाही नसे. अमक्याचे शेत दहा खंडींचे, असे ते म्हणत. खंडी हे भाताचे माप. म्हणजे शेत किती मोठे हा प्रश्नच नाही, शेत देते किती हा प्रश्न! या दोन प्रश्नांत फरक तो काय, असे कुणालाही वाटेल. पण याच फरकावर एका अख्ख्या प्रदेशाचा खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला. तो प्रदेश म्हणजे आपल्याबरोबर पोर्तुगीज अमलाखाली राहिलेला दादरा आणि नगर हवेली.

(यातली 'हवेली' म्हणजे वाडा नव्हे. मुख्य ठाण्याभोवतीच्या मुलखाला महसुली भाषेत हवेली म्हणत. पुण्याचा हवेली तालुका आठवावा.)

१७७९ साली पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. इंग्रजांशी युद्ध चालू होते आणि पोर्तुगीज त्यांच्या बाजूला जाऊ नयेत अशी पुणे दरबाराची इच्छा होती. तहाच्या १७व्या कलमात पोर्तुगीजांना दमणजवळची गावे देण्याचे ठरले. किती गावे? किती बिघे? तर वर्षाला १२,००० रुपये उत्पन्न होईल इतकी!

मराठ्यांना जमीन मोजता येत नव्हती, असे मुळीच नाही. शिवाजी महाराजांच्या काळापासून पाच हात पाच मुठींची काठी होती. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. माप होते, पण इथे ते लावले नाही. कारण द्यायची होती ती जमीन नव्हे, तिचा वसूल. सरदाराला सरंजाम लावून देताना हाच हिशेब असे. फौजेचा खर्च इतका, तर तितक्या तनख्याची गावे. गावावरची सत्ता मात्र देणाऱ्याकडेच राही. नगर हवेलीचा ताबा पोर्तुगीजांना १७८३ मध्ये मिळाला, दादऱ्याचा १७८५ मध्ये. अशा हिशेबात रांध्यासारखे गाव म्हणजे बेरजेतला एक आकडा.

१८१८ साली पेशवाई बुडाली. नव्या मालकाला, म्हणजे इंग्रजांना, रुपयांच्या आकड्याभोवती सीमा आखलेली हवी होती. त्यांनी ही गावे पोर्तुगीजांचीच मानली. अशा रीतीने वसुलाचा हक्क हळूहळू राज्य बनला आणि मुंबई इलाख्यात चहूबाजूंनी वेढलेले पोर्तुगीज बेट तयार झाले.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दादरा, नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त केले. गायक-संगीतकार सुधीर फडके यांचा त्यातला सहभाग मराठी वाचकांना ठाऊकच आहे. पोर्तुगालने १९५५ च्या डिसेंबरमध्ये हेगला दावा लावला. दमणहून आमच्या मुलखात जायला भारताने वाट द्यावी, अशी मागणी होती. तिथे १७७९ चे कागद पुन्हा उघडले गेले. भारताचे म्हणणे असे की बारा हजारांचा सरंजाम म्हणजे सार्वभौमत्व नव्हे. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने मराठी कागदांची दखल घेतली. तहाने मिळाला तो केवळ महसुली हक्क होता, हे मान्य केले. मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगीज सत्ता मान्य केली होती, हेही म्हटले. सामान्य लोक, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यासाठी वाटेचा हक्क ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाला. सैन्य आणि शस्त्रांसाठी तो ८ विरुद्ध ७, म्हणजे अवघ्या एका मताने, नाकारला. भारताने कर्तव्यभंग केला नाही, हेही ९ विरुद्ध ६ ने ठरले. १९६१ च्या ऑगस्टमध्ये हा प्रदेश भारतात विलीन झाला, आपल्या मुक्तीच्या चार महिने आधी.

आज या प्रदेशाचे माप सांगतात ४९१ चौरस किलोमीटर. आकडा अचूक आहे, वाद घालायला जागा नाही. पण या साऱ्या मापांत जमीन कसणारा कुठे आहे? वारली, धोडिया, कोकणा हे इथले मूळ शेतकरी. 'वर्षाला १२,००० रुपये' या शब्दांत त्यांनी किती दिले ते आहे, त्यांच्या घरात किती उरले ते नाही. पोर्तुगीज अमलात 'अलवारा' नावाच्या सनदांवर मोठ्या जमिनी बड्या लोकांना मिळाल्या. तेव्हा हेक्टर नीट मोजले गेले असतील, पण कूळ कुळच राहिले. ती पद्धत मोडण्यासाठी १९७१ चा जमीन सुधारणा विनियम यावा लागला.

सरकारी कचेरीत माझी बरीच वर्षे कागदांवरचे आकडे उतरवण्यात गेली. त्यामुळे एवढे ठामपणे सांगू शकतो : माप कोणते लावायचे हे ज्याच्या हाती असते, त्याच्याच सोयीचे उत्तर येते. काठी, खंडी, रुपया, मीटर यांतले कुठलेच खोटे नाही. कागदावर मोठा आकडा दिसला की आधी एवढेच विचारावे, हे कोणी मोजले, आणि कशासाठी?