दक्षिणी संस्थाने : मांडलिकत्व ते विलीनीकरण

कृष्णा आणि पंचगंगेच्या खोऱ्यांत व त्यांच्या आसपास, आजच्या कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे व सोलापूर या जिल्ह्यांत आणि उत्तर कर्नाटकात, १९४७ पर्यंत सुमारे दीड डझन संस्थाने नांदत होती. कोल्हापूर, सांगली, थोरली व धाकटी मिरज, जमखिंडी, कुरुंदवाडच्या दोन पात्या, रामदुर्ग, मुधोळ, औंध, भोर, फलटण, जत, अक्कलकोट, सावंतवाडी ही त्यांपैकी मुख्य. त्यांना ‘दक्षिणी संस्थाने’ म्हणत. त्यांचे आकारमान एकसारखे नव्हते. कोल्हापूर सुमारे ३,२०० चौरस मैलांचे, तर औंध जेमतेम ५०० चौरस मैलांचे, ७२ गावांचे. या लहान राज्यांना सव्वाशे वर्षे टिकवून धरले ते इंग्रजांच्या सार्वभौमत्वाने. त्यामुळे ते सार्वभौमत्व संपताच त्यांचाही शेवट जवळ आला.

पेशवाईनंतरची मांडणी

३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौज स्वीकारली आणि पुण्याच्या परराष्ट्र व्यवहारावर इंग्रज रेसिडेंटची पकड बसली. कोल्हापूरकरांनी १८१२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी तह करून मालवणचा किल्ला सोडला. १८१७-१८ च्या युद्धात पेशवाई बुडाली, पण एवढा मुलूख थेट ताब्यात घेऊन चालवणे पुण्याचा रेसिडेंट मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याला शहाणपणाचे वाटले नाही. पेशव्याला सोडून येणाऱ्या सरदारांच्या जहागिरी कायम राखल्या तर लढाई लवकर आटोपेल आणि मुलूखही शांत राहील, असा त्याचा हिशेब होता. पेशव्यांच्या स्मृतीला उतारा म्हणून त्याने छत्रपतींच्या गादीचाही उपयोग केला. फेब्रुवारी १८१८ मध्ये साताऱ्याला जाहीरनामा निघाला आणि २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने प्रतापसिंह महाराजांना स्वतंत्र सातारा संस्थान मिळाले.

साताऱ्याच्या छत्राखालील भोरचे पंत सचिव, औंधचे पंत प्रतिनिधी, फलटणचे नाईक निंबाळकर, जतचे डफळे आणि अक्कलकोटचे भोसले यांच्याशी १८२० मध्ये निराळे करार झाले. पटवर्धनांच्या घराण्याशी १८१९ पासून वेगळे तह झाले. पटवर्धनांची मूळ जहागीर मिरजेची. त्यातून पेशवाईच्या अखेरीसच सांगली वेगळी निघाली होती. इंग्रजी अमलात मिरजेची आणखी वाटणी झाली आणि एका घराण्याच्या चार-पाच गाद्या झाल्या. मराठेशाहीत जहागिरीची वाटणी पुढच्या मोहिमेपर्यंतची असे. तहनाम्यांनी मात्र प्रत्येक वाटा कायमचा केला, आणि संस्थानांचे तुकडे एकमेकांत व इंग्रजी मुलखात गुंतून पडले. पुढे विलीनीकरणाच्या वेळी हीच गुंतागुंत निर्णायक ठरली.

दत्तकाचा प्रश्न

साताऱ्याच्या तहात महाराजांनी परक्या सत्तेशी पत्रव्यवहार करू नये, अशी अट होती. गोव्याच्या पोर्तुगिजांशी आणि पदच्युत नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून प्रतापसिंहांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तेथे सुमारे चौदा वर्षे राहूनही त्यांना न्याय मिळाला नाही. गादीवर बसवलेले धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८४८ मध्ये वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी घेतलेला दत्तक गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसीने नामंजूर केला आणि सातारा खालसा झाले. साताऱ्याचे जहागीरदार तेव्हापासून थेट इंग्रजांचे मांडलिक बनले.

कोल्हापूरकडे गादी राहिली तरी सत्ता राहिली नाही. इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या कारभारात गडकऱ्यांच्या वंशपरंपरागत जमिनी व हक्कांना हात लागला. त्यातून १८४४ मध्ये सामानगडावर उठाव झाला आणि त्याचे लोण पन्हाळा, विशाळगड व सावंतवाडीपर्यंत पोहोचले. उठाव मोडून काढल्यावर कोल्हापूरचा कारभार इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गेला आणि किल्ले निकामी करण्यात आले. १८५७ च्या जुलैअखेर कोल्हापुरातील पलटण बिघडली. महाराजांचे बंधू चिमासाहेब यांच्यावर संशय येऊन त्यांना कराचीला पाठवण्यात आले.

दत्तक नाकारण्याची कडू फळे नरगुंदला दिसली. तेथील संस्थानिक भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे यांना दत्तकाची परवानगी मिळाली नव्हती. मे १८५८ मध्ये त्यांनी पोलिटिकल एजंट मॅन्सन याला ठार केले. त्यांना बेळगावात फाशी झाली आणि नरगुंद खालसा झाले. रामदुर्गही याच भावे घराण्याचे, पण तेथील शाखा इंग्रजांशी एकनिष्ठ राहिली आणि तिचे संस्थान १९४८ पर्यंत चालले.

१ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने संस्थाने यापुढे खालसा करणार नाही, असे आश्वासन दिले आणि १८६२ मध्ये दत्तकाच्या सनदा मिळाल्या. १८५७ च्या उठावाच्या काळात संस्थानिकांचा बांध म्हणून उपयोग झाला होता, आणि इंग्रजांना तो बांध टिकवायचा होता. गादीला अभय मिळाले, पण राजाला मिळाले नाही. गैरकारभार झाल्यास त्याला दूर सारण्याचा, वारस अल्पवयीन असल्यास कारभार हाती घेण्याचा आणि दत्तकास मंजुरी देण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडेच ठेवला.

पोलिटिकल एजंटचे राज्य

फौज, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण ही सरकारची बाब, तर महसूल, न्याय, पोलीस, शिक्षण आणि धर्मकृत्ये ही संस्थानाची, अशी वाटणी होती. प्रत्यक्षात दोहोंमधली रेषा सरकारने नेमलेल्या पोलिटिकल एजंटच्या मर्जीवर हलत असे. १८६२ च्या करारानुसार कोल्हापूरच्या विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी यांसारख्या जहागिरींवरही एजंटची नजर राहिली, म्हणजे महाराजांचा आपल्या सरदारांवरचा अधिकारही अपुराच राहिला. संस्थानिकाचा दर्जा तोफांच्या सलामीवर मोजला जाई : कोल्हापूरला १९, सांगली व भोरला ९, तर कित्येकांना एकही नाही. राजपुत्रांचे शिक्षणही सरकारच्या देखरेखीखाली, राजकोटच्या राजकुमार कॉलेजसारख्या संस्थांत होई.

या व्यवस्थेची काळी बाजू कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांच्या वाट्याला आली. मनःस्वास्थ्य बिघडल्याचे सांगून त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले आणि डिसेंबर १८८३ मध्ये गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा छळ होत असल्याचे आरोप करताना ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली होती. त्यावरून भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ मध्ये या पत्रांचे संपादक टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. संस्थानातील अन्यायाला ब्रिटिश मुलखातील वृत्तपत्रांत वाचा फुटायची, हा प्रघात तेव्हापासून पक्का झाला. १९२२ मध्ये संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवणाऱ्या लिखाणाला आवर घालणारा खास कायदाच करावा लागला.

कर्त्या राजांची संस्थाने

अंतर्गत कारभारात जी मोकळीक उरली होती तिचे काय करायचे, हे गादीवर बसलेल्या माणसावर अवलंबून असे. १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक आलेल्या शाहू महाराजांना २ एप्रिल १८९४ रोजी मुखत्यारी मिळाली. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने त्यांनी रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के सरकारी जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. १९०६ मध्ये कापडगिरणी उभी राहिली. राधानगरीच्या धरणाचे काम त्यांनी सुरू केले, पण ते स्वातंत्र्यानंतरच पूर्ण झाले. १९१७ मध्ये त्यांनी मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले, आणि मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचे जाहीर स्वागत केले. ब्रिटिश मुलखात यातील कित्येक गोष्टी कायदेमंडळात अडल्या असत्या. येथे एका हुकमाने भागले. मात्र हुकमाचे आयुष्य राजाच्या आयुष्याइतकेच, हे दुबळेपणही याच कारभाराचे होते.

ते ओळखून स्वतःची सत्ताच सोडण्याचा प्रयोग औंधने केला. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंत प्रतिनिधी सूर्यनमस्कार आणि चित्रकला यांचे प्रसारक म्हणून ख्यात होते. औंधचे वस्तुसंग्रहालय त्यांनीच उभारले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी जागा दिली आणि १९१० मध्ये संस्थानच्या हद्दीत किर्लोस्करवाडी वसली. महात्मा गांधींचे मार्गदर्शन, पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन यांचा पुढाकार आणि युवराज आप्पासाहेब पंतांची मेहनत यांतून जानेवारी १९३९ मध्ये औंधचे ‘स्वराज्य संविधान’ अमलात आले. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींनी तालुका समिती आणि तिच्यातून विधिमंडळ, अशी ती रचना होती. मतदाराला लिहिता-वाचता यावे, हा गांधीजींचा आग्रह असल्याने साक्षरतेची मोहीमही सुरू झाली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत याच वर्षी निघाली. व्ही. शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटामागे तिची प्रेरणा होती.

प्रजेची चळवळ

औंध हा अपवाद होता. बहुतेक ठिकाणी सल्लागार मंडळाच्या पुढे मजल गेली नव्हती. ८ फेब्रुवारी १९२१ रोजी दिल्लीत स्थापन झालेल्या नरेंद्र मंडळात संस्थानिकांना व्यासपीठ मिळाले, पण त्यांच्या प्रजेला तेथे जागा नव्हती. सांगलीचे गणेश रघुनाथ अभ्यंकर आणि न. चिं. केळकर यांच्यासारख्यांनी प्रजेचा प्रश्न लावून धरला, आणि १९२७ मध्ये मुंबईत अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषद भरली. काँग्रेसने १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात संस्थानांतील लढा तेथील लोकांनीच चालवावा, असे ठरवले. त्यापुढच्या वर्षी माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार यांच्या नेतृत्वाखाली कोल्हापूर संस्थान प्रजा परिषद उभी राहिली. त्याच वर्षी रामदुर्गात शेतसाऱ्याच्या व हक्कांच्या मागण्यांवरून पेटलेल्या आंदोलनाला हिंसक वळण लागले.

इंग्रज सरकारनेही जुनी चौकट त्याआधीच बदलली होती. १९३३ मध्ये या संस्थानांचे संबंध मुंबई सरकारकडून काढून हिंदुस्थान सरकारकडे घेण्यात आले आणि त्यांच्यासाठी कोल्हापूरला रेसिडेंट नेमला गेला.

विलीनीकरण

१५ ऑगस्ट १९४७ रोजी सार्वभौमत्व संपले. त्याआधी जुलैमध्ये सरदार पटेलांच्या संस्थान खात्याने संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण या तीन विषयांपुरता सामीलनामा संस्थानिकांपुढे ठेवला होता. या तीनही गोष्टी दक्षिणी संस्थानांच्या हाती कधी नव्हत्याच, त्यामुळे सही करणे अवघड गेले नाही. प्रश्न उरला तो अंतर्गत कारभाराचा. एकेकट्याने टिकता येणार नाही हे जाणून काही संस्थानिकांनी १९४६ मध्ये गांधीजींचा सल्ला घेतला होता. पुढच्या वर्षी औंध, भोर, फलटण, सांगली, मिरज, रामदुर्ग व कुरुंदवाड यांचा ‘संयुक्त दक्षिण संस्थान’ नावाचा संघ जन्माला आला. कोल्हापूर त्याबाहेर राहिले. सलग भूमी, एक भाषा आणि पुरेसा महसूल यांपैकी काहीच जवळ नसल्याने संघ काही महिनेच तगला.

जमखिंडीच्या राजेसाहेबांनी फेब्रुवारी १९४८ मध्ये थेट मुंबई प्रांतात सामील होण्याचा मार्ग धरला. ३० जानेवारीला गांधीहत्या होऊन दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांविरुद्ध दंगली उसळल्या होत्या. पटवर्धन, पंत प्रतिनिधी, पंत सचिव ही राजघराणी ब्राह्मण. प्रजा परिषदांचा रेटा आणि हे वातावरण यांपुढे मागे सरण्याला वाव उरला नव्हता. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणी संस्थानांचा कारभार मुंबई सरकारकडे गेला. औंधच्या स्वराज्यालाही नऊ वर्षांनी पूर्णविराम मिळाला.

कोल्हापूरचे वजन निराळे होते. शिवछत्रपतींची गादी आणि सुमारे अकरा लाख प्रजा ही त्याची बळकट बाजू. १९४७ मध्ये देवासहून दत्तक आलेले शहाजी महाराज विलीनीकरणास लगेच राजी नव्हते, पण १९४८ च्या दंगलींनंतर कारभार भारत सरकारने नेमलेल्या प्रशासकाकडे गेला आणि १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले.

विलीनीकरणानंतर

नव्या जिल्ह्यांनी जुन्या हद्दी पुसल्या. १९४९ मध्ये सांगली, मिरज, जत आणि औंधचा आटपाडी भाग यांसह दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. भोर पुणे जिल्ह्यात, अक्कलकोट सोलापुरात, सावंतवाडी रत्नागिरीत आणि फलटण साताऱ्यात गेले. जमखिंडी, मुधोळ व रामदुर्ग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूरकडे गेले. विलीन मुलखातील जहागिरी १९५३ च्या कायद्याने रद्द झाल्या. काही राजघराणी मतांच्या राजकारणात उतरली. फलटणचे मालोजीराव नाईक निंबाळकर मुंबई राज्यात मंत्री झाले.

विलीनीकरणाच्या करारांनी संस्थानिकांना तनखे आणि किताब राखून दिले होते आणि घटनेच्या २९१ व ३६२ या कलमांनी त्याची हमी दिली होती. इंदिरा गांधींच्या सरकारने सप्टेंबर १९७० मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आदींच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये तो आदेश रद्द ठरवला. अखेर डिसेंबर १९७१ मध्ये २६ वी घटनादुरुस्ती अमलात आली. तनखे बंद झाले, संस्थानिक ही कायदेशीर ओळख संपली आणि १८१८ नंतरच्या तहनाम्यांतून सुरू झालेला व्यवहार कायद्यानेही पूर्ण झाला.