परसाची बखर

भाजीपाल्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती साधनांची. शेताचा इतिहास लिहिता येतो, कारण शेत दान दिले जाते, मोजले जाते, त्यावर सारा बसतो, त्यावरून भाऊबंदकी होते; आणि अशा प्रत्येक प्रसंगी कोणीतरी काहीतरी लिहून ठेवते. घरामागच्या परसातील दोन वाफ्यांच्या वाट्याला असे काहीच येत नाही. नाशिकच्या अंबडचा विचार आम्ही येथे करीत आहोत तो एवढ्याचसाठी, की तेथे हे लिहिलेले शेत आणि न लिहिलेले परस शेजारीशेजारी पाहता येतात.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीपासून पांडवलेणी फार दूर नाहीत. तेथील तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे दोन दानलेख आहेत. राज्यवर्ष १८ मधील लेखाने डोंगरावरील भिक्षूंना कखडी गावातील २०० निवर्तने शेत दिले. सहा वर्षांनी, राज्यवर्ष २४ मध्ये, दुसरी आज्ञा काढावी लागली: ते शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही, सबब नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तने द्यावीत. शेत मोठे असले तरी आसपास वस्ती नसेल तर ते निरुपयोगी. अर्धेच, पण नगराला लागून असलेले शेत खरे उपयोगाचे, हा त्यातला व्यवहार. मूळ प्राकृतात जे क्रियापद आहे, त्याच कुळातले आपले ‘कसणे’. १९४८ च्या कूळ कायद्यानंतर ‘कसेल त्याची जमीन’ म्हणताना मराठी माणूस तोच शब्द उच्चारीत होता.

पुढच्या काळातील कागदही शेताविषयीच बोलतात. विहिरीच्या मोटेवर भिजणारे ते मोटस्थळ, पाटाच्या पाण्यावरचे ते पाटस्थळ, पावसाच्या भरवशावरचे जिराईत. ही विभागणी महसुलासाठी झाली. १८८३ साली निघालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरात पिके आहेत, बागाईत आहे, बाजार आहेत. गावठाणातील घरामागच्या जागेवर सहसा शेतसारा नव्हता. म्हणून ती दप्तरात पीक म्हणून आली नाही. शिवाय तेथे राबणारे हात बहुतेक बायकांचे. सारा नाही आणि सातबाऱ्यावर नाव नाही, असे हे दुहेरी अनुल्लेखाचे प्रकरण आहे.

मग परसाची बखर शोधायची कोठे? आमच्या मते ती सणांच्या ताटात आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीची भाजी होते. नियम असा की त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे खायचे नाही. माणसाने हाताने, कुदळ-खुरप्याने पिकवलेले तेवढेच चालते. नांगराचे शेत आणि हाताचे परस यांतील जो भेद सरकारदप्तराने नोंदवला नाही, तो या एका व्रताने जपला. अळू, पडवळ, दोडका, सुरण, माठ, लाल भोपळा, मक्याचे कणीस: भाद्रपदात परसात जे तयार असते त्याची ही यादीच होय. आणि ही यादी गोठलेली नाही. लाल भोपळा आणि मका या दोन्ही अमेरिका खंडातल्या वनस्पती; सोळाव्या शतकाआधी त्या आपल्याकडे असण्याचे कारण नाही. ऋषींच्या नावाच्या भाजीत त्या बिनतक्रार सामावल्या, कारण कसोटी कुळाची नव्हती, पिकवण्याच्या रीतीची होती.

ऋतुचक्राची पुढली पानेही अशीच लागतात. चातुर्मासात अनेक घरांत वर्ज्य असलेले वांगे मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात भरीत होऊन परत येते. पौषात भोगीच्या भाजीत वालाच्या शेंगा, गाजर, हरभरा, वांगे, बोरे एकत्र येतात. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. मृगात आळी करून टोचलेल्या वेलांपासून थंडीतल्या मेथी-कोथिंबिरीपर्यंत, आणि उन्हाळ्यात न्हाणीच्या सांडपाण्यावर तग धरणाऱ्या अळवापर्यंत, सारे वर्ष असे ताटावरून वाचता येते.

आता अंबडकडे परत वळू. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आणि १९७० मध्ये सिडको स्थापन झाले. पुढे अंबडच्या शिवारात कारखाने आले, लगतच नवीन नाशिक वसले आणि १९८२ साली महापालिका झाली. खानदेशातून, कसमादे पट्ट्यातून माणसे नोकरीसाठी आली. त्यांना घर मिळाले. परस मिळाले नाही. इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने श्रमिकांसाठी भाजीचे तुकडे उपलब्ध करून देणे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले. साधारण २५० चौरस मीटर हे त्या तुकड्याचे रूढ माप. आपल्या नगररचनेत उद्यानाला आरक्षण असते, मैदानाला असते. वाफ्याला सहसा नसते. सिडकोतल्या एका वस्तीचे नाव मात्र सावतानगर. भाजीच्या मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या अरणच्या संताचे नाव अशा ठिकाणी यावे, याला योगायोग म्हणावे की मागे राहिलेली ओढ?

तरीही दोन भिंतींमधल्या हातभर जागेत वाल चढतो, गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यात मिरची लागते. परस आक्रसले, पण अजून मोडलेले नाही. मोडते आहे ती त्याची भाषा. वाफा, सरी, आळे, मांडव, ताटी, खुरपणी, बी राखेत घोळून गाडग्यात ठेवण्याची रीत: हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत त्या बायका आता आज्या झाल्या आहेत. शेजारच्या अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले, त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बियाण्यासाठी जे झाले ते शब्दांसाठी कोणी करायचे?

मराठीच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना आमचे सांगणे एवढेच, की लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी दरवेळी दूरच्या पाड्यावर जाण्याची गरज नाही. सिडकोच्या एखाद्या गल्लीत ऋषिपंचमीच्या सकाळी जावे, ताटात पडलेल्या प्रत्येक भाजीचे नाव, ती कोठून आली, गावाकडे तिला काय म्हणत आणि ती केव्हा लावत, हे लिहून घ्यावे. अहिराणीतले नाव निराळे निघाले तर तेही टिपावे. कागदावर ही नोंद पहिल्यांदाच होत असेल.