टरफलातला हार्डनर

अ‍ॅराल्डाइटच्या दोन नळ्यांपैकी एकीत इपॉक्सी रेझिन असतं, दुसरीत हार्डनर. नाव होतं ते रेझिनचं. पण जोड पाण्यात टिकेल का, रंग थंडीत वाळेल का, वाळल्यावर तडकेल का, यातलं बरंचसं हार्डनरच्या हातात असतं. म्हणून ही कुळकथा दुसऱ्या नळीची. तिचं निम्मं कूळ शेतात आणि बागायतीत सापडतं.

रेझिनचा जन्म स्वित्झर्लंडमधला. पिएर कास्तां दातांच्या कवळ्यांसाठी नवं साहित्य शोधत होते. 1938 साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. पुढे सिबा कंपनीनं ते हाती घेतलं आणि 1946 साली बाझेलच्या औद्योगिक प्रदर्शनात हा नवा चिकटपदार्थ लोकांसमोर मांडला. साध्या तापमानाला इपॉक्सी कडक करायचं तर बहुधा अमाइन लागतं. त्यातल्या नायट्रोजनला जोडलेला हायड्रोजन इपॉक्सीची तीन अणूंची ताणलेली कडी उघडतो आणि रेणू एकमेकांत गुंतत जातात. मात्र लहान रेणूंची अमाइनं फार जाचक. वास उग्र, कातडी भाजते, प्रमाण जरा चुकलं तरी काम बिघडतं. दमट हवेत रंगावर मेणचट पांढुरका थर येतो आणि त्यावर दुसरा हात नीट धरत नाही.

वनस्पती तेलाचं पहिलं उत्तर आलं अमेरिकेतून. शेतमालाला नवे उपयोग शोधण्यासाठी इलिनॉयमधल्या पिओरिया इथं सरकारी प्रयोगशाळा होती. 1940 च्या दशकात तिथले रसायनतज्ज्ञ सोयाबीनच्या तेलावर काम करत होते. या तेलातल्या मेदाम्लाच्या रेणूत 18 कार्बन असतात. ते तापवून दोन-दोन रेणू जोडले की 36 कार्बनांचं, दोन ठिकाणी अमाइनशी जुळणारं आम्ल मिळतं. अमाइनशी त्याचा संयोग करून पॉलिअमाइड तयार झालं. जनरल मिल्स या धान्य दळणाऱ्या कंपनीनं अशी पॉलिअमाइडं 'व्हर्सामिड' नावानं विकायला काढली. अमाइन जरा जास्त ठेवलं तर रेणूवर मोकळे हायड्रोजन उरतात, आणि तेच इपॉक्सीला हवे असतात. माल्कम रेनफ्र्यू आणि हॅरल्ड विटकॉफ या रसायनतज्ज्ञांनी ही जोडी जमवली. त्यांचं पेटंट 1955 चं. तेलाच्या लांब साखळ्यांमुळे कडक झालेलं इपॉक्सी थोडं लवचीक राहिलं, पाण्याला पुरून उरलं, आणि मापातली थोडी चूकही खपू लागली. पुढे सोयाबीनची जागा बरीचशी पाइन वृक्षाच्या तेलानं घेतली. कागदाचा लगदा करताना ते मागे उरतं.

दुसरं उत्तर मला अधिक मोलाचं वाटतं, कारण त्याचं झाड आपल्या डोळ्यांसमोर आहे. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून 16 व्या शतकात गोव्यात आणला. गर आपण खातो. त्याभोवतीच्या टरफलात पोकळ्या-पोकळ्यांतून दाट, तांबूस काळं तेल भरलेलं असतं. काजू फोडणाऱ्या बायकांची बोटं त्यानं काळी पडतात, सोलवटतात. म्हणून हाताला राख नाही तर गोडंतेल चोळून त्या कामाला बसतात. बिब्बा याच कुळातला, आणि त्याच्या तेलाची जात जवळपास हीच. 1847 साली श्टेडेलर या रसायनतज्ज्ञानं काजूच्या तेलातलं अ‍ॅनाकार्डिक आम्ल वेगळं केलं. हे आम्ल तापवलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डॅनॉल उरतं: फिनॉलचं कडं आणि त्याला 15 कार्बनांचं शेपूट.

त्याचा उद्योग उभा केला मॉर्टिमर हार्वी यांनी, न्यू जर्सीतल्या अर्विंग्टनला. टरफलाच्या तेलापासून त्यांनी वॉर्निश, रेझिनं आणि ब्रेकच्या लायनिंगमधली भुकटी बनवली. हार्डनर व्हायला मात्र आणखी एक दुवा हवा होता. जर्मनीतले औषधरसायनतज्ज्ञ कार्ल मानिख यांनी 1912 पासून एका अभिक्रियेचा अभ्यास केला होता. फॉर्मल्डिहाइडच्या मदतीनं अमाइन दुसऱ्या रेणूला जोडता येतं. कार्डॅनॉलला त्याच वाटेनं अमाइन जोडलं की फेनाल्कामाइन होतं.

त्याचं काम विलक्षण आहे. फिनॉलच्या कड्यामुळे अभिक्रिया वेग घेते, म्हणून पाच अंशांखालच्या थंडीतही रंग वाळतो. लांब शेपूट पाणी दूर ठेवतं, म्हणून ओलसर लोखंडावरही तो धरतो. जहाजाच्या बॅलास्ट टाकीत समुद्राचं पाणी सतत भरतं-उपसतं. तिथं हा हार्डनर वापरतात, आणि भर हिवाळ्यात गोदीचं काम अडत नाही. उणीव रंगाची. तो मुळातच तांबूस आणि उन्हात आणखी गडद होतो, म्हणून वरच्या, दिसणाऱ्या हाताला चालत नाही.

त्याला पूर्ण वनस्पतिजन्य म्हणणं खरं नव्हे. त्यातलं अमाइन आणि फॉर्मल्डिहाइड सहसा खनिज तेल किंवा नैसर्गिक वायूपासूनच येतं. पण सोयाबीनचं तेल कोणाच्या तरी कढईतलं असतं. टरफलाचं तेल कोणाच्याच ताटातलं नाही. वेंगुर्ल्यापासून चंदगडपर्यंत काजूचे लहान कारखाने आहेत, आणि कित्येक ठिकाणी तेलानं भरलेली टरफलं भट्टीत सरपण म्हणून जळतात. कारखानदारांनी एकत्र येऊन आधी तेल काढावं आणि उरलेला चोथा भट्टीत घालावा. त्या तेलाच्या पैशातून काजू फोडणाऱ्या बायकांना निदान हातमोजे तरी द्यावेत.