सासूनचं हॉटेल आणि तात्यांचे साचे

शांघायला दोन रात्री मुक्काम होता. "बाबा, एकदा तरी राहून बघा," म्हणत लेकाने हट्टाने पीस हॉटेलात खोली घेतली. भाडं किती ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि मीही फार खोदून विचारलं नाही. :)

हॉटेल ह्वांगपू नदीच्या काठावर आहे. काठाच्या रस्त्याला 'बंड' म्हणतात. हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच तिकडे नेला. पुण्याच्या बंडगार्डनमधला बंड तो हाच, म्हणजे बांध. आत रंगीत काचांचा घुमट, आणि संध्याकाळी म्हाताऱ्या वादकांचा जॅझ. नऊ देशांच्या नावाने सजवलेल्या खास खोल्यांत एक 'इंडियन'ही आहे. हे सगळं बघत हिंडताना भिंतीवर मालकाचं नाव दिसलं : सर व्हिक्टर सासून.

म्हटलं, हे तर आपलेच सासून!

डेव्हिड सासून बगदादहून १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. माळव्याची अफू आणि कापूस चीनला पाठवून हे घराणं अफाट श्रीमंत झालं. माळव्यातून मुंबईला येणारा आग्रा रोड आपल्या नाशकातूनच जातो, तेव्हा ही गोष्ट तशी घरापासूनच सुरू होते. डेव्हिड यांचा मुलगा इलायस १८४४ मध्ये चीनला गेला आणि १८६७ मध्ये त्याने ई. डी. सासून ही वेगळी पेढी काढली. तिच्या गिरण्या मुंबईत होत्या आणि व्यापार शांघायपर्यंत. व्हिक्टर हा इलायसचा नातू. त्याने १९२९ च्या ऑगस्टमध्ये हे हॉटेल उघडलं. तेव्हाचं नाव कॅथे. नोएल कॉवर्डने आपलं 'प्रायव्हेट लाइव्ह्ज' हे नाटक १९३० मध्ये इथेच आजारपणात लिहिलं. १९५६ पासून त्याचं पीस हॉटेल झालं.

आता घरची गोष्ट. आमचे चुलत आजोबा, तात्या, निफाडकडून मुंबईला गेले आणि सासूनच्या गिरणीत साचेखात्यात लागले. १९२८ मध्ये सासून गिरण्यांनी नवी पद्धत आणली : विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवायचे. त्यात पगारकपातीची भीती. एप्रिलमध्ये मुंबईभर संप झाला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो ऑक्टोबरपर्यंत चालला. चुली विझल्या तसे बरेच जण गावी परतले. तात्याही आले, आणि पावसाळाभर दुसऱ्याच्या शेतात राबले.

त्या संपाच्या पुढाऱ्यांपैकी श्रीपाद अमृत डांगे आपल्याच जिल्ह्यातले, करंजगावचे. १९२९ च्या मार्चमध्ये त्यांना मीरत कटात पकडलं. शांघायला कॅथेचे दिवे लागले तेव्हा ते तुरुंगात होते.

म्हणजे तात्यांच्या पगारातून हा घुमट उभा राहिला, असं मी म्हणणार नाही. इमारतीचं काम संपाच्या आधीच सुरू झालं होतं. पण पेढी एकच होती. एका टोकाला तिसरा साचा, दुसऱ्या टोकाला लालिकची काच. आणि त्याच घराण्याच्या देणगीतून पुण्याचं सासून हॉस्पिटलही झालं, जिथे आमच्या आत्याचा जीव वाचला. सासूनांना नुसत्या शिव्या घालून मोकळं होता येत नाही, ते यामुळेच.

त्या रात्री झोप मात्र नीट लागली नाही. गादी फारच मऊ होती, हे एक. दुसरं, तात्या खाणावळीत पाळीपाळीने झोपायचे. एक उठून कामावर गेला की दुसरा त्याच जागेवर आडवा.

असो. घरच्यांपैकी जे वाचताय त्यांना एक विनंती. तात्यांचं गिरणीतलं एखादं कार्ड, पगाराची चिठ्ठी कुणाच्या पेटीत असेल तर फोटो काढून पाठवा. व्हिक्टर सासूनचं सगळं शांघायला नीट मांडून ठेवलंय. तात्या कोणत्या गिरणीत होते आणि किती साचे चालवायचे, एवढं तरी आपण लिहून ठेवू.