खडकवासल्याचें पाणी

पेशवाईंत नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावाचें पाणी नळानें पुण्यांतील हौदांत आणलें व शहराची तहान भागविली. परंतु शहराच्या पूर्वेस, हडपसर-लोणीच्या पुढें, पाऊस हात आखडता घेतो. तेथील कुणब्याला आभाळाकडे पाहण्यावांचून गत्यंतर नव्हतें. इकडे पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशींत मुठा नदी आषाढ-श्रावणांत दुथडी भरून वाही आणि तें सारें पाणी भीमेच्या वाटेनें निघून जाई.

हें पाणी अडवून दुष्काळी मुलखाकडे न्यावें, ही योजना लष्करी इंजिनियर फाइफ यांची. १८६९ च्या सुमारास खडकवासल्यास काम सुरू झालें आणि दहाएक वर्षांत, १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाची झळ सोसून, तें पुरें झालें. दगडचुन्याची ती भिंत जवळजवळ एक मैल लांब होती. जलाशयास ‘लेक फाइफ’ हें नांव मिळालें. उजवा कालवा पुण्यावरून पूर्वेकडे गेला, डावा खडकीच्या बाजूस.

पाणी दाराशीं आलें, तरी शेतकऱ्यानें तें लगोलग उचललें नाहीं. पाऊस बरा झाला, तर विकतचें पाणी घ्यावें कशाला? आणि दुष्काळांत घ्यावें, तर पाणीपट्टीला पैसा कोठून आणावा? उंसाला मात्र बारमाही पाणी हवें. ज्याच्यापाशीं खताबियाण्यापुरतें भांडवल होतें, त्यानें तें घेतलें. जोंधळ्याच्या रक्षणासाठीं अडविलेलें पाणी अशा रीतीनें उंसाकडे वळलें.

जोतीराव फुले यांनीं मांजरीस या कालव्याखालीं स्वतः शेती केली होती. त्यामुळें १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत पाटबंधारे खात्यावर त्यांनीं घेतलेला आक्षेप अनुभवाचा आहे. खातें पैसे घेतें, पण वेळेवर व पुरेसें पाणी देण्याची हमी घेत नाहीं; तें मोजून द्यावें, असें त्यांचें म्हणणें होतें.

पुढें १९०३ सालीं विश्वेश्वरय्या यांनीं येथें आपोआप उघडणारीं व मिटणारीं दारें बसविलीं, आणि भिंत न वाढवितां साठा वाढला. परंतु साठ्याबरोबर मागणीही वाढत गेली, कारण पुणें शहर व लष्कर याच पाण्यावर पोसलें जात होतें.

१२ जुलै १९६१ रोजीं वरच्या बाजूचें नवें पानशेत धरण फुटलें. त्या लोंढ्यापुढें खडकवासल्याची जुनी भिंतही ढासळली व पुण्याचा नदीकांठ उद्ध्वस्त झाला. पुढें भिंत पुन्हां उभी राहिली. आतां पानशेत, वरसगांव व टेमघर येथील पाणीही खडकवासल्यांत उतरतें. तरी पुण्याच्या नळाला किती आणि दौंड-इंदापूरच्या पाटाला किती, हा वाद दर उन्हाळ्यांत उठतो. धरण बांधणारास दगड व चुना यांचा हिशेब चोख मांडतां आला. वाटणीचा हिशेब मात्र दीडशें वर्षांनंतरही पुरा झालेला नाहीं.