तारणाची तारीख

"तुमचं तारण झालंय का? कधी झालं?" अंधेरी, मुलुंड, बोरिवलीतल्या घरगुती प्रार्थनासभांत नव्या माणसाला हा प्रश्न विचारला जातो. दिवस सांगता आला तर विश्वास पक्का, अडखळला तर अजून काहीतरी राहिलंय. मनाची खातरी हाच तारणाचा पुरावा आणि शंका म्हणजे अविश्वास, हे मत आता इतकं रुळलंय की कित्येक सच्ची माणसं स्वतःला अपुरी समजून झुरत राहतात. मला हे मत चुकीचं वाटतं, आणि निर्दयही.

पूर्वपक्ष दुबळा नाही. सार्वकालिक जीवन आपल्याला लाभलं आहे हे वाचकांना कळावं म्हणून आपण लिहितो आहोत, असं योहान पहिल्या पत्राच्या शेवटी सांगतो. पण त्याच पत्रातली कसोटी काय आहे? भावावर प्रीती आहे का, गरजवंताला पाहून हात आखडतो का. तारीख तो विचारत नाही. शिवाय आपलं मनच आपल्याला दोषी ठरवू लागलं तरी देव मनाहून मोठा आहे, असा दिलासा तिसऱ्या अध्यायात देतो. विश्वासणाऱ्याचं मन कधी डळमळतच नसेल, तर हा दिलासा कोणासाठी? रोमकरांना ठामपणे लिहिणारा पौलसुद्धा करिंथकरांना लिहिताना, दुसऱ्यांना उपदेश करून आपणच बाद ठरू नये म्हणून जपतो.

परंपराही या मताच्या बाजूने नाही. कोणालाही आपल्या कृपावस्थेची विश्वासाइतकी अचूक खातरी असू शकत नाही, असं कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेने १५४७ साली ठरवलं. शंभर वर्षांनी लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार लिहिणारे प्रॉटेस्टंट खातरी मिळू शकते असं मानणारे; तरी खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिच्यासाठी फार काळ थांबावं लागू शकतं, हे त्यांनी लिहून ठेवलं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोन पक्ष इथे जवळ येतात.

आणि आपल्या पंडिता रमाबाई? बाप्तिस्मा १८८३ साली, इंग्लंडमधल्या वाँटिज इथे. तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त नव्हे, हे आपल्याला आठ वर्षांनी उमगलं, असं त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत सांगितलं आहे. तारीख मागणारे हाच दाखला आपल्या बाजूने देतील. पण त्या आठ वर्षांतच, १८८९ साली, मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडलं आणि विधवा मुलींना छप्पर मिळालं. रमाबाईंनी त्या काळाला कमी लेखलं, तो त्यांचा अधिकार. योहानाची कसोटी हातात घेतलेल्या माणसाला मात्र ती वर्षं रिकामी म्हणता येणार नाहीत.

मराठी भाषेला हा भेद ठाऊक आहे. खातरी करून घ्यायची असते, भरवसा ठेवायचा असतो. घराचे कागद पाहून खातरी होते; आजारी लेकराला डॉक्टरच्या हाती देताना आई भरवसा ठेवते, आणि तेव्हा तिचे हात कापत असतात. मार्काच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायातला आजारी मुलाचा बाप तसाच आहे. विश्वास असल्याचं सांगतो आणि त्याच दमात आपल्या अविश्वासावर मदतही मागतो. आधी शंका मिटवून ये, असं येशू त्याला म्हणाला नाही. मुलगा बरा झाला.

असाच भरवसा इथे मुंबईतही दिसतो. अंधेरीत सीप्झ औद्योगिक वसाहतीच्या आवारात सेंट जॉन द बाप्टिस्टचं मोडकं देऊळ आहे, १५७९ सालचं. मुंबईचे आपले ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. १८४० साली साथ आली, गाव उठलं, माणसं मरोळला गेली. घरं सोडलेली, मनात भीती. तरी तिथे त्यांनी उपासना पुन्हा मांडली. त्यांना तारणाची तारीख विचारायला कोणाची जीभ रेटेल?