रेवडीची कुस्ती आणि तिकिटाची खिडकी

प्रेक्षक कमी पडले की तिकीट स्वस्त करावे, हा उपाय क्रीडासंघटकांना सर्वांत आधी सुचतो. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात सहा संघांची व्यावसायिक रग्बी स्पर्धा प्रथमच भरली. बंगळूरपासून दिल्लीपर्यंतची नावे धारण करणारे हे संघ सारे सामने त्या एकाच मैदानावर खेळले. अशा खेळाला गर्दी मिळवायची तर सवलत पुरेल काय, याचे उत्तर जुन्या इतिहासात शोधण्यासारखे आहे.

रग्बी हिंदुस्थानात नवी नाही. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात तिचा सामना झाला आणि पुढल्याच महिन्यात तेथे क्लब निघाला. सभासदांना मद्य मोफत मिळे. ती सोय बंद होताच सभासदसंख्या घसरू लागली; पलटण हलली, पोलो आणि टेनिसने उरलेले खेळाडू ओढून नेले. अखेर क्लबाच्या खात्यातील चांदीचे रुपये वितळवून १८७८ मध्ये एक चषक घडविण्यात आला व तो विलायतेस पाठविण्यात आला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्याच ‘कलकत्ता कप’साठी झुंजतात. चषक उरला, क्लब मात्र मोडला. फुकटाच्या ओढीने जमलेली मंडळी किती टिकतात, याचा याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही.

आता आपल्या मुलखातील जत्रा पाहा. निपाणी-चिकोडीकडील गावांत कुस्त्यांच्या फडाला तिकीट नसेच. खर्च वर्गणीतून निघे. आरंभी पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग इनामाच्या, आणि हलगीच्या कडकडाटात शेवटची मोठी जोड. वर्गणी दिलेला माणूस पाहुणा नसे, तो फडाचा धनीच असे. रेवडीसाठी मातीत उतरलेल्या पोराचे सारे घर काठावर हजर असे, हे वेगळे सांगावयास नको. ‘फुकट’ हा शब्द येथे लागूच पडत नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी हे ओळखले होते, असे मला वाटते. १९०२ च्या विलायत-प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून त्यांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. १९१२ मध्ये तेथे इमामबक्ष आणि गुलाम मोहिउद्दीन यांची कुस्ती झाली. मैदानाची बैठक वाडग्यासारखी उतरती. सर्वांत मागच्या माणसालाही लाल माती दिसावी, अशी. प्रेक्षकाला दुरून काही दिसेनासे झाले तर स्वस्त तिकिटाचाही त्याला राग येतो, ही साधी गोष्ट आजचे आयोजक विसरतात.

आपल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे कोल्हापूरच्या तालमीत घडले आणि १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले. तेव्हा चिकोडी तालुका म्हैसूर राज्यात जाऊन तीन वर्षे होत आली होती. नकाशावर सीमा पडली, तरी तालमीची वाट मोडली नव्हती.

कुस्तीच्या हँडबिलावर मल्लाच्या नावापुढे गावाचे वा तालमीचे नाव छापतात. वाचणारा प्रथम तेच पाहतो, मग तिकिटाचा दर.